बुडाखालचं नाव

मांडवीजवळ भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर
अण्णा नावं घालायचे.
मांडीवर गोणपाट, हातात थरथरतं यंत्र,
वाटीला चार आणे, हंड्याला रुपया,
काना-मात्रा फुकट.
गुजराती लिहितानाही त्यांचा ल मराठी वळणाचाच यायचा.
गिऱ्हाईक म्हणायचं, चालशे, काका,
बेउ भाई-भाई ज छे.

मी नावं घालते ती हवेत.
रात्री अकरानंतर, दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
पंखा तीनवर ठेवून
मी एका गावात जाते जिथे कुणालाच तहान लागत नाही,
आणि तिथे घागरी घडवते.
घागर गोल दिसायला बहात्तर बाजू पुरतात.
कमी केल्या तर काखेत टोचेल, असं वाटत राहतं,
ज्यांना काखच नाही त्यांच्यासाठी.

पहिली घागर विकली नाही. फुकटच्या पेटीत ठेवली.
पेटीने विचारलं:
नक्कल करू द्यायची? बदलू द्यायची? पुढे देऊ द्यायची?
तिन्ही चौकटींत खूण केली.
खाली एक ओळ रिकामी होती, तिथे लिहिलं:
वापरा, रंगवा, फोडा.
बुडाखालचं नाव तेवढं घासू नका.
आणि हिच्यातून नवं काही केलंत
तर तेही असंच पेटीत ठेवा.

खालच्या मजल्यावरचे बिपिनभाई वकील म्हणाले,
या शेवटच्या अटीला कायद्यात मोठं नाव आहे.
असेल.
आमच्यात शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही,
साखर नसली तर चार मिरच्या.

घागर फिरली. कुणी तिचा दिवा केला,
कुणी उलटी टांगून घंटा.
एकाने नाव घासून तीनशे नाण्यांना विकली.
दोन दिवस मी त्याला नावं ठेवत होते,
त्याने माझं ठेवलं नव्हतं म्हणून.

मग फाल्गुनात सूचना लागली: गाव बंद होणार.
तीस दिवस. ज्याची परवानगी, तेवढंच न्यायचं.
आम्ही अकरा जण यादी करत बसलो.
तळं, नेऊ. पायऱ्या, नेऊ. घागरी तर माझ्याच.
अडला तो झोपाळा.
निर्माती: शेवंती_०९. सहा वर्षांत फिरकलेली नाही.
तिन्ही चौकटी कोऱ्या.
निरोप पाठवले, सात. उत्तर नाही.
कुणीतरी म्हणालं, कोण बघतंय? उचला.

एकदा एक माणूस जुना तांब्या घेऊन आला होता,
आधीचं नाव काढून माझं घाला म्हणाला.
पैसे दुप्पट देत होता. अण्णांनी यंत्र बंद केलं.
मी नाव घालतो, म्हणाले. काढत नाही.
त्या दिवशी घरी भाजी नव्हती, हेही मला आठवतं.

झोपाळा ठेवला तिथेच.
शेवटच्या रात्री पाळीपाळीने बसलो त्यावर.
कड्यांचा कुरकुराट खऱ्या घरातून टिपलेला होता;
नीट ऐकलं तर मागे कुकरची शिट्टी,
आणि कुणीतरी, बहुतेक तीच,
"गॅस बारीक कर" म्हणते.
बाराला गाव गेलं.

नव्या गावात तळ्याकाठी मी दोन कड्या टांगून ठेवल्यात.
खाली काही नाही.
कड्या माझ्या, तिन्ही खुणा केलेल्या.

काल भांडी लावताना एक वाटी हाती आली.
बुडाला गुजरातीत लाभुबेन, १९८४,
आणि ल आमच्या वळणाचा.
म्हणजे कुणाची तरी वाटी
चाळीस वर्षं आमच्याच फळीवर.
लाभुबेन कोण, कुठल्या पोळातल्या, कुणाला आठवत नाही.
सकाळपासून विचारत फिरतेय,
आणि एकीकडे, काय घालून पाठवावी
तेही ठरत नाहीये.